उलटी बाजू

चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो,
आंधळगावात, कोशाच्या ताण्यापुढे.
आता उठताना आधी गुडघे बोलतात, मग मी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
रोज अर्धा तास गरम पाण्यात बुडून बसा, हेडाऊजी.
बुडून.
बादलीत कसं बुडायचं?

म्हणून तुमसरच्या दुकानात, पंख्याखाली,
मी आणि वैजंता दोन टबांच्या मधोमध उभे.

एक हवा भरायचा, निळा, साडेआठ हजार.
घडी केली की पोत्यात मावते, म्हणाला विकणारा पोरगा,
जणू पोत्यात मावणं हाच वस्तूचा मोठा गुण.
दुसरा फायबरचा, हिटर बसवलेला,
एकेचाळीस हजार. दहा वर्षांची गॅरंटी.
वैजंतानं कोपरानं ढोसलं:
"तुमची किती वर्षांची हाये, ते पुसा आधी."

मनात भागाकार मांडला.
मोठ्याचे दिवसाला अकरा रुपये पडतात.
निळा दोन वर्षं टिकला, तर त्याचेही अकराच, वर थोडे पैसे.
आणि नाही टिकला तर?
भागाकार तिथंच हात झटकून बाजूला झाला.

मग माझ्या तोंडून निघालं,
"काही कमी करा न जी."

हे वाक्य माझ्या ओळखीचं.
नागपूरच्या प्रदर्शनात बाया म्हणायच्या,
बोटांत पदर चुरगाळत.
मी म्हणायचो, बाई, नातीच्या लग्नात नेसाल हा.
खोटं नव्हतं ते.
पण नातीच्या लग्नापर्यंतचे पैसे
आजच कोण काढून देते?
पोरगा हसला.
माझंच हसू, वीस वर्षांपूर्वीचं.

मला बाकी काही कळत नाही.
कापड पाहायचं तर आधी उलटं करायचं, एवढं कळतं.
म्हटलं, पालथा घाल.
"असं कोणी सांगत नाही, काका."
तरी घातला.
वरून आरशासारखा, आणि खाली
एका कोपऱ्यात थर इतका पातळ
की अंगठा दाबला तर आत जाई,
शेजारी डिंकासारखा वाळलेला ओघळ.

"आमच्या बोरचं पाणी जड. कूलरच्या जाळ्या पाह्य माझ्या,
चुना झाला नुसता. हिटरवर तो बसंन,
मंग येईल कोण?"
पोरगा गॅरंटीचं कार्ड चाळू लागला,
जसं काही त्यात कोणी राहतं.

मागं खोक्यावर एक मिस्त्री डबा खात होता.
वरणभातानं माखलेला हात वर करून म्हणाला,
"मी येतो. मोहाडीलेच राह्यतो.
तो कोपरा बी भरून देतो, घरी येऊन.
तितिरमारे म्हणा, कोणी बी सांगंन."

पैसे मोजले.
दोन विकलेल्या साड्यांचे,
एक अजून मागावर आहे, तिची उचल.
वैजंता म्हणाली, "पाणी नाही तापलं
तं म्हशीले आंबोण ठेवाले होईल."

न्हाणीच्या दारातून टब गेला नाही.
अंगणातच ठेवला, तुराट्यांच्या कुडाआड.
तितिरमारे दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा नुसताच,
चहाच्या वेळेला.

पहिल्या संध्याकाळी मी धोतर सोडत होतो,
तोवर ती लुगड्यासकट आत.
पाण्यात लुगडं वर तरंगलं.
तिच्या डाव्या मांडीवर एक पट्टा आहे, गुळगुळीत,
केस न उगवणारा,
कोसा वळून वळून झालेला.
तो पट्टा मी कोणत्याच साडीच्या किमतीत धरला नव्हता.

अर्धा तास झाला. पाऊण.
"निंग न आता, माह्ये गुडघे बसलेत इथं."
"थांबा न जी."
डोळे मिटलेले, हनुवटीपर्यंत पाणी.

किती युनिट झाले ते पाहायला उठलो.
ओसरीपर्यंत गेलो,
आणि परत येऊन काठाशी बसलो.